समोरच्या घराचा उजेड

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या घराला गल्लीत अजून कोणी संग्रहालय म्हणत नाही. दारावर तशी पितळी पाटी आहे. लांबलांबून लोक ती पाटी शोधत येतात, तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. पण त्यांनी गल्लीतल्या कुणाला विचारलं, की त्या मोठ्या चित्रकारांचं संग्रहालय कुठं आहे, तर समोरचा माणूस क्षणभर गोंधळतो आणि मग म्हणतो, "मावशींकडे जायचंय होय! मग सरळ तसं सांगा ना."

खरं तर त्या मावशी होत्या एकाच मुलीच्या. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत बाकी सगळ्यांनी ते नातं आपलंसं करून टाकलं होतं. ती खरी भाची आता हे घर सांभाळते. केस पांढरे झाले, मुलाचं लग्न झालं, तरी गल्ली तिला भाचीबाईच म्हणते, आणि तिलाही त्यात काही गैर वाटत नाही.

घर पाहायला आलेल्यांची पहिल्यांदा जरा निराशाच होते. खाली स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. मग एक अरुंद जिना, त्यावरून एका वेळी एकच माणूस चढू शकतो. वर मावशींची कामाची खोली. कोपरं टेकून टेकून हात गुळगुळीत झालेली खुर्ची, चिनी मातीच्या बरणीत खोचलेले ब्रश, आणि खिडकीशेजारच्या टेबलावर त्यांच्या जन्माच्या सोबती असलेल्या वस्तू: कान उडालेला एक जग, एकावर एक रचलेल्या बशा, घडी घातलेले पंचे, अंड्याची टरफलं. सगळं पांढरं. मावशींनी उभ्या आयुष्यात पांढऱ्या वस्तूंखेरीज फारसं काही रंगवलंच नाही. त्या तरुण असताना लोक चेष्टा करायचे, की बाईंना रंग परवडत नाहीत वाटतं. त्यावर त्या शांतपणे म्हणायच्या, "कसे परवडणार? एका पांढऱ्यात सगळेच घालावे लागतात."

नाव झालं ते उशिरा, पण झालं ते असं, की त्यानंतर धुतलेल्या चादरीकडे नुसती चादर म्हणून बघणं पुष्कळांना अवघड होऊन बसलं.

त्या खोलीतली सगळ्यांत मोलाची वस्तू मात्र कुठल्याही कपाटात ठेवता येण्यासारखी नव्हती. ती म्हणजे तिथला उजेड. खिडकी उत्तरेची, त्यामुळे ऊन कधी थेट आत येत नसे. ते पडायचं रस्त्यापलीकडच्या घराच्या चुना दिलेल्या भिंतीवर, आणि आपला ताप तिथंच ठेवून, निवून, मग खिडकीतून आत यायचं. रस्ता इतका अरुंद, की ती भिंत म्हणजे जवळजवळ खोलीचाच भाग. समोरच्या घरात एक शिंपीमास्तर राहायचे. ते दरवर्षी भिंतीला चुना काढायचे तेव्हा मावशी खिडकीत उभ्या राहून कुठं हात पातळ बसलाय ते सांगायच्या. मास्तर वैतागून म्हणायचे, "घर माझ्या बापाचं, पण भिंत मावशींची." आणि चित्रांचं कोणी कौतुक केलं, की मावशी खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणायच्या, की यातलं अर्धं काम मास्तरांचं आहे. लोकांना वाटायचं, बाई किती नम्र आहेत! मावशी मात्र अगदी शब्दशः बोलत असायच्या.

मास्तर गेले. मुलांनी घर विकलं आणि ते एका दातांच्या डॉक्टरांनी घेतलं. खाली दवाखाना, वर राहायला घर. डॉक्टर नुकतेच राहायला आले होते तेव्हा भाचीबाईला सुनेच्या बाळंतपणासाठी मुलाकडे जावं लागलं. परत आली ती सकाळच्या गाडीने. बॅग हातात घेऊन ती गल्लीच्या कोपऱ्यावर वळली आणि जागच्या जागी उभी राहिली.

समोरचं घर नारिंगी झालं होतं. फिकट-बिकट नव्हे, लांबून हाका मारणारं नारिंगी.

बॅग खाली न ठेवताच ती जिना चढून वर गेली. खोली तापाने फणफणलेल्या माणसासारखी दिसत होती. जग पितळेचा वाटत होता, बशांवर कुणी चहा सांडल्यासारखं झालं होतं. तिने मान वळवून उजव्या भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं, आणि मग मात्र बॅग तिच्या हातून सुटली.

ते चित्र एका उशीचं आहे. मधोमध डोक्याने पडलेला खळगा असलेली एक वापरलेली उशी, बस्स. भाचीबाईची आई ही मावशींची धाकटी बहीण. नवरा वारल्यावर लहानग्या लेकीला घेऊन ती या घरात आली आणि तिने सगळा संसार आपल्या अंगावर घेतला, म्हणून मावशी वर निवांत चित्रं काढू शकल्या. भाची कॉलेजात जायला लागली त्या सुमारास आई आजारी पडली आणि त्या दुखण्यातून उठली नाही. शेजारच्या बायका अंथरूण आवरायला आल्या. मावशींनी चादर नेऊ दिली, गादी उन्हात टाकू दिली, पण उशीला हात लावू दिला नाही. काठोकाठ भरलेलं पातेलं न्यावं तशी ती दोन्ही हातांवर आडवी धरून त्या जपून जिना चढल्या, ती टेबलावर ठेवली आणि रंगवायला बसल्या.

पोरीला त्यांचा भयंकर राग आला. सख्खी बहीण गेली आणि ह्यांना चित्रं सुचतात! ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. मावशींनीही समजूत घातली नाही. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी त्यांनी तिला वर बोलावलं. पोर फुरंगटून दारात उभी राहिली. मग तिची नजर चित्रावर गेली. खळग्यात राखाडी होता, किंचित निळा, कडेला एक हिरवट सावली, आणि आई आत्ता, या क्षणी, चहा टाकायला उठून खाली गेली होती. आई गेल्यापासून न रडलेली पोर तेव्हा रडली. मावशी हातात ब्रश तसाच धरून शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला एवढंच येतं गं."

पुढे त्या चित्रासाठी मोठमोठ्या ठिकाणांहून बोलावणी आली. मावशींनी ते घराबाहेर जाऊ दिलं नाही.

आणि आता त्या नारिंगी उजेडात तो खळगाच नाहीसा झाला होता. निळा, राखाडी, हिरवट, सगळं त्या एका रंगाने गिळून टाकलं होतं. उशी सपाट आणि नवी दिसत होती, आत्ताच दुकानातून आणल्यासारखी. जणू तिच्यावर कधी कुणी डोकं टेकलंच नव्हतं.

संग्रहालयाच्या विश्वस्तांचे अध्यक्ष निवृत्त वकील होते. त्यांनी आधी खिडकीला जाड पडदा लावून आत पांढरे दिवे लावायला सांगितलं. भाचीबाईने त्यांच्या शब्दाखातर एक दिवस तसं करून पाहिलं. चित्रं स्वच्छ दिसली, पण शीतपेटीत ठेवल्यासारखी. तिने पडदा काढून टाकला. मग अध्यक्ष म्हणाले, की आपण समोरच्यांना रीतसर नोटीस देऊ. तिने साफ नकार दिला. मावशी आणि मास्तर जन्मभर खिडकीतून भांडले, पण कागदावर कधी उतरले नाहीत. ती म्हणाली, की मी स्वतःच जाऊन बोलते.

तिची एक दाढ खरोखरच ठणकत होती, त्यामुळे जायला निमित्त शोधावं लागलं नाही. पण दातांच्या डॉक्टरांशी बोलायला जायचं म्हणजे एक मोठीच अडचण. तिला खुर्चीत बसवून डॉक्टरांनी तोंडात कापसाचे बोळे कोंबले आणि मग स्वतःच गप्पा मारायला लागले. इतक्या नावाजलेल्या गल्लीत घर मिळालं म्हणून किती बरं वाटतं, चित्रं पाहायला यायचं रोज ठरवतो पण पेशंट सोडत नाहीत, वगैरे. भाचीबाई छताकडे बघत नुसती हुंकार भरत होती. चूळ भरून झाल्यावर तिला एकदाचं बोलता आलं, आणि तिने सगळं सांगितलं. भिंत, उजेड, उशी, सगळं.

डॉक्टर मन लावून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी हातमोजे काढले आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"ताई, तो रंग मलासुद्धा आवडत नाही," ते म्हणाले. "तो आईसाठी आहे."

त्यांच्या आईची नजर वयाबरोबर अधू होत गेली होती. माणसांचे चेहरे दिसत नव्हते, अक्षर तर नाहीच. लांबून फक्त मोठे आकार आणि भडक रंग तेवढे कळायचे. नव्या घरी आल्यावर ती रोजच्या सवयीने सकाळी पाय मोकळे करायला निघाली. गल्लीतली घरं सगळी सारखीच, पांढुरकी. ती परतताना भलत्याच घरात शिरली, चप्पल काढून आरामात बैठकीत जाऊन बसली आणि सुनेला पाणी मागितलं. दुसऱ्यांदाही तसंच झालं. त्या घरच्यांनी हसून, हाताला धरून आणून पोचवलं. लोक चांगले होते, पण ते हसणं तिला लागलं.

"त्या दिवशी मला म्हणाली, आता मला एका कोपऱ्यात बसवून ठेव. जिने मला एकटीने वाढवलं, तिच्या तोंडून हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी रंगारी बोलावला. आता ती रोज एकटी जाते आणि एकटी घरी येते. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

 बधिर झालेला गाल सावरत भाचीबाई घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीत उभी राहिली. समोरचं दार उघडून म्हातारी बाहेर पडली. एक हात भिंतीला लावत, हलकी पावलं टाकत कोपऱ्यापर्यंत गेली, तिथं वळली आणि थांबली. मान इकडे तिकडे फिरली. मग तिला तो नारिंगी सापडला असावा, कारण तिचा चेहरा एकदम उजळला, भिंतीवरचा हात सुटला आणि ती रस्त्याच्या मधून ताठ मानेने चालत घरी आली.

ते पाहिल्यावर भाचीबाईने तो विषयच सोडून दिला. अध्यक्षांनाही सांगितलं, की पुन्हा काढू नका. येणाऱ्यांना ती सांगायची, की इथला उजेड पूर्वी वेगळा होता. काहींना ते पटायचं, काही नुसती मान डोलवायचे. रोज सकाळी ती सगळ्या चित्रांवरची धूळ मऊ कुंचल्याने झटकायची, फक्त उशीपाशी आली की काम उरकून घ्यायची. कोणाचीच चूक नसताना आपलं काहीतरी गेलं, तर माणसाने रागवायचं तरी कोणावर?

एके दिवशी, दार उघडायच्या वेळेला, डॉक्टर आईचा हात धरून पायरीशी उभे होते. चेहरा ओशाळा. झालं होतं असं, की समोरची बाई दाढेचं राहिलेलं काम करायला का आली नाही, असं म्हातारीने विचारलं. डॉक्टरांनी भिंतीच्या रंगावरून झालेलं बोलणं सांगितलं, तर आई उलट त्यांच्यावरच उखडली, की शेजारीण गाऱ्हाणं घेऊन आली आणि तू तिला आपलंच गाऱ्हाणं ऐकवून परत पाठवलंस. तिचं काय गेलंय ते तरी जाऊन बघितलंस का?

तिघं जिना चढून वर आली. डॉक्टर आधी पाहुण्यासारखे हात मागे बांधून उभे होते. मग कान उडालेल्या जगाच्या चित्रापाशी गेले, बशांच्या चित्रापाशी गेले, परत जगापाशी आले. खिशात हात घालून त्यांनी एक पट्टी काढली. तिच्यावर ओळीने नमुन्याचे दात बसवलेले होते. ते म्हणाले, की नवा दात बसवायचा तर शेजारच्या दाताशी रंग जुळवावा लागतो, आणि पांढऱ्याचे इतके प्रकार असतात, की दिव्याखाली फसायला होतं. म्हणून मी पेशंटला खिडकीशी नेतो. एवढं बोलून ते पट्टी घेऊन खिडकीशी गेले. ती उलटसुलट धरून पाहिली. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सगळे दात एकसारखे दिसत होते.

"ह्या उजेडात मी कोणाला दात बसवला," ते म्हणाले, "तर तो माणूस जन्मात हसायचा नाही."

भाचीबाईला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी. आणि हसता हसता तिला सुचलं, की भिंत बदलता येत नसली तरी घटकाभर झाकता येईल. तिने विचारलं, तुमच्याकडे पांढऱ्या चादरी आहेत का? दवाखान्याचं घर ते, चादरींना काय तोटा! डॉक्टर तरातरा जिना उतरून गेले. थोड्या वेळाने ते आणि त्यांचा कंपाउंडर समोरच्या गच्चीत दिसले, दोघांच्या खांद्यांवर चादरींचे ढीग.

पहिली चादर कठड्यावरून खाली सुटली. खोलीच्या एका कोपऱ्यातून नारिंगी ओसरला. दुसरी सुटली, आणि टेबलावरच्या बशा एकमेकींपासून सुट्या झाल्या, प्रत्येकीला आपापली कड मिळाली. तिसरी वाऱ्याने फुगून पुन्हा भिंतीला टेकली, तसा आत सगळ्या वस्तूंवरून एक श्वास फिरल्यासारखा झाला. जग पितळेचा होता तो पुन्हा चिनी मातीचा झाला. पंच्यांच्या घड्यांत निळसर सावल्या परत आल्या. भाचीबाई उशीकडे पाठ करून उभी होती. वळून बघायचा तिला धीर होत नव्हता.

डॉक्टरांची आई मात्र आपल्या पावलांनी चित्रापाशी गेली होती. नाक कॅनव्हासला लागेल इतका चेहरा जवळ नेऊन ती बघत होती, मग मागे सरली, मग परत पुढे गेली. खोलीत कुणीही काहीही सांगितलं नव्हतं.

"इथून कुणीतरी आत्ताच उठून गेलंय," ती म्हणाली.

भाचीबाई वळली. खळगा होता. राखाडी, किंचित निळा, कडेला हिरवट.

"कोणाची गं उशी?"

"माझ्या आईची."

म्हातारीने चाचपत तिचा हात शोधला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. "अजून ऊब असेल बघ तिला," ती म्हणाली. दोघी तशाच उभ्या राहिल्या. समोरच्या गच्चीतून डॉक्टर हातवारे करून विचारत होते, की जमलं का, आणि इकडून कोणी उत्तरच देत नव्हतं.

शेवटी ते धापा टाकत परत आले आणि दारातच थबकले.  लोकांसाठी ठेवलेल्या बाकावर बसले आणि बघत राहिले. खाली दवाखान्यात पेशंट जमले, कंपाउंडरने रस्त्यातून हाका मारल्या, तरी उठेनात. उठले तेव्हा एवढंच म्हणाले, की मी जन्मभर पांढऱ्या रंगातच काम करतोय, पण त्याच्याकडे असं कधी बघितलं नाही.

तोड काढली ती म्हातारीने. ती म्हणाली, "अरे, गच्चीपाशी रंग लावून माझा काय उपयोग? मान वर केली की मला चक्कर येते. मला दार कुठंय तेवढं कळलं की झालं." मग चादरी खालून हळूहळू वर गुंडाळायला सुरुवात झाली. भाचीबाई उशीसमोर उभी राहून डोळ्यांत तेल घालून बघत होती. वरच्या मजल्याच्या खिडक्यांच्या उंबऱ्यापर्यंत चादरी वर आल्या तरी खळगा हलला नाही. उंबऱ्याच्या वर गेल्या, की तो मिटायला लागायचा. म्हणजे त्या उंबऱ्याच्या वरची भिंत मावशींची आणि खालची डॉक्टरांच्या आईची. वाटणी झाली, आणि कोणाला वाईट वाटलं नाही, अशी वाटणी त्या गल्लीत पहिलीच.

चादरी तशाच अर्ध्यावर ठेवून म्हातारीला कोपऱ्यापर्यंत पाठवलं. डॉक्टर दारात, भाचीबाई खिडकीत, दोघांचाही जीव टांगणीला लागलेला. म्हातारी वळली, थांबली, तिने मान फिरवली, आणि आली ती नेहमीपेक्षा झपझप. आल्या आल्या विचारलं, की एवढे घाबरून काय बघताय?

रंगारी पुन्हा आला तो कुरकुरतच. आत्ताच तर दिला रंग, लोकांना एकदा काय ते ठरवता येत नाही, असं म्हणत त्याने परांची बांधली. वरचा अर्धा भाग पांढरा झाल्यावर गल्ली हसली. कोणीतरी म्हणालं, की डॉक्टरांच्या घराने पांढरा सदरा आणि नारिंगी पायजमा घातलाय. ते नाव घराला चिकटलं ते चिकटलंच. आता तर नवे पेशंट पत्ता विचारताना "पायजम्याचा दवाखाना" म्हणून विचारतात, आणि डॉक्टर ते मनाला लावून घेत नाहीत.

शेवटच्या दिवशी काम आटोपल्यावर भाचीबाईने रंगाऱ्याला चहाला बोलावलं. कशासाठी एवढा खटाटोप चालला होता ते तरी बघू, म्हणून तो हातपाय धुऊन वर गेला. बराच वेळ झाला तरी खाली आला नाही, तेव्हा ती चहाचा कप घेऊन वर गेली. तो उशीच्या चित्रापुढे उभा होता. त्याने तिला विचारलं, की बाईंनी ह्यात कोणता पांढरा वापरला होता? इतका मऊ पांढरा त्याने कुठं पाहिला नव्हता.

तिने सांगितलं, की ह्या चित्रात पांढरा जवळजवळ नाहीच.

रंगारी हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसायचा थांबला. सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढून त्याने तो सदऱ्याच्याच टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा चित्राकडे वळला. बोट चित्रापासून अंतरावर धरून तो एकेक जागा मनाशी म्हणत होता: हा राखाडी, हा निळा, हा जरासा पिवळा. मधेच अडायचा, मान हलवायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायचा. चहा निवून गेला. भाचीबाईने तो परत गरम करून आणायचा म्हणून कप उचलला, तर तो मागे न बघताच म्हणाला, "राहू द्या हो. आधी हे बघू द्या."

ती खाली आली आणि त्या दिवशी संग्रहालय बंद करायची वेळ होऊन गेली तरी तिने वर हाक मारली नाही.